तत्त्वज्ञानाचा अधिकारी कोण?

इंटरची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलाने बी. ए. साठी कोणता विषय घ्यावा, याचा खल महाराष्ट्रातील सुशिक्षित घरांतून अनेक पिढ्या होत असे. गणित घेतले तर बुद्धीची तारीफ होई. इतिहास व अर्थशास्त्र घेतले तर वकिलीचा मार्ग सुकर होईल असे वडील मंडळी म्हणत. संस्कृत घेतले तर निदान शाळामास्तरची जागा तरी ठरलेली. परंतु मुलाने तत्त्वज्ञानाचे नाव काढले की घरात क्षणभर शांतता पसरे. या विषयाविरुद्ध उघडपणे कोणी काही बोलत नसे, कारण ज्या घरात ज्ञानेश्वरीची पोथी देवघरात ठेवलेली असते तेथे तत्त्वज्ञानाला नावे ठेवणे प्रशस्त दिसत नाही. मात्र, 'ते उतारवयात वाचायचे' असे म्हणून विषय बदलला जाई. तत्त्वज्ञानाविषयी आदर आहे, पण विशीतल्या मुलाने त्याचा अभ्यास करावा ही कल्पना मात्र रुचत नाही, अशी ही चमत्कारिक स्थिती होती.

आपल्या जुन्या शास्त्रकारांनी या प्रश्नाचा विचार अगदी वेगळ्या दिशेने केला होता. वेदान्ताचा कोणताही ग्रंथ उघडावा. आरंभीच चार गोष्टींचा निर्देश केलेला आढळतो. ग्रंथाचा विषय काय, त्याचे प्रयोजन काय, ग्रंथाचा विषयाशी संबंध काय आणि तो वाचण्याचा अधिकारी कोण? या चारांना अनुबंधचतुष्टय म्हणतात. त्यांतही अधिकाऱ्याचा प्रश्न सर्वांत कठीण. नित्य काय व अनित्य काय याचा विवेक, वैराग्य, मनाचा निग्रह आणि मोक्षाची तळमळ ज्याच्या ठायी असेल तोच अधिकारी, असे त्याचे उत्तर दिले जाई. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र या अंतरीच्या गुणांपूर्वी जन्माची व जातीची अट उभी असे आणि पुष्कळांची वाट तेथेच अडे. इंग्रजी अमदानीत विद्यापीठे आली तेव्हा अधिकाराची ही कसोटी बदलली. ज्याने फी भरली आणि आधीची परीक्षा दिली तो अधिकारी ठरला. ही कसोटी पुष्कळ उदार होती यात शंका नाही. पण ती पुरेशी होती काय, याची परीक्षा पाहण्याचा योग विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खानदेशच्या भूमीत आला. अमळनेर आणि धुळे या दोन गावांत, एका गिरणीमालकाच्या द्रव्यावर आणि एका तुरुंगाच्या भिंतीआड, तत्त्वज्ञानाच्या अध्ययनाचे दोन निराळे प्रयोग घडले. त्यांची हकीकत महाराष्ट्राच्या बौद्धिक इतिहासात जितकी ठळकपणे सांगितली जावी तितकी सांगितली जात नाही.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली आणि १८६२ साली पदवीधरांची पहिली तुकडी बाहेर पडली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या तुकडीतलेच. त्या काळी कॉलेजातून तत्त्वज्ञान म्हणून जे शिकविले जाई त्यात भर तर्कशास्त्रावर व नीतिशास्त्रावर असे, ग्रंथ इंग्रजी असत आणि प्राध्यापक बहुधा इंग्लंड-स्कॉटलंडहून आलेले असत. या शिक्षणाचा उपहास करणे सोपे आहे. पण त्याने तरुणांच्या मनात जी खळबळ उडविली ती खोटी नव्हती. गोपाळ गणेश आगरकर हे त्याचे ठळक उदाहरण. डेक्कन कॉलेजात असताना मिल आणि स्पेन्सर यांच्या ग्रंथांनी त्यांच्या बुद्धीला जे वळण लावले तेच पुढे १८८८ साली निघालेल्या 'सुधारक' पत्राच्या पानापानांतून प्रकट झाले. शिक्षण पुरे होत आले असता, मोठ्या पगाराच्या नोकरीची आशा धरू नये, पोटापुरत्या पैशांवर संतोष मानून आपण सर्व वेळ लोकहितासाठी वेचणार आहोत, असे त्यांनी आपल्या आईला पत्राने कळविले, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. परीक्षेसाठी नेमलेल्या पुस्तकांतून एखादा विद्यार्थी आपल्या आयुष्याची दिशा ठरवू शकतो, याचा हा पुरावा होय.

तथापि या शिक्षणात एक मोठी उणीव होती. विचार ज्या भाषेत शिकविला जाई ती विद्यार्थ्याच्या घरची भाषा नव्हती, आणि घरच्या भाषेतला विचार कॉलेजच्या दारात प्रवेश करू शकत नव्हता. ही उणीव ज्यांना अत्यंत तीव्रतेने जाणवली त्यांत विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांची गणना करावी लागेल. डेक्कन कॉलेजातून पदवी घेतल्यावर त्यांनी १८९४ साली 'भाषांतर' नावाचे मासिक काढले आणि त्यात प्लेटोच्या 'रिपब्लिक' या ग्रंथाचे मराठी रूपांतर देण्यास आरंभ केला. पाश्चात्त्य विद्येतले जे उत्तम ते मराठीत आले पाहिजे, आणि मराठीतले जे जुने ते शास्त्रशुद्ध रीतीने छापले गेले पाहिजे, असा त्यांचा दुहेरी आग्रह होता. प्लेटोला मराठीत आणणाऱ्या याच पंडिताने १९०९ साली ज्ञानेश्वरीची आपली प्रत प्रसिद्ध केली. आयुष्यभर त्यांनी मराठीतच लिहिण्याचे व्रत पाळले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यास त्यांचा अंत झाला आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळही त्याच गावी १९२७ साली उभे राहिले. धुळ्याचा मराठी विचाराशी असा संबंध जडलेला होता.

इतक्यात १९१५ साली लोकमान्य टिळकांचे 'गीतारहस्य' प्रसिद्ध झाले. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या या ग्रंथात गीतेच्या बरोबरीने कांट, ग्रीन आणि मिल यांच्या नीतिविचारांचीही चर्चा आहे, आणि ती शुद्ध मराठीत आहे. कॉलेजात ज्या नावांचा परिचय इंग्रजीतून होई ती नावे आता माजघरात पोचली. तत्त्वज्ञान हा केवळ परीक्षेचा विषय नाही आणि केवळ उतारवयाचाही नाही, तर कर्त्या माणसाचा विषय आहे, ही जाणीव या ग्रंथाने सुशिक्षित घरांत उत्पन्न केली. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९१६ साली, अमळनेर येथे तत्त्वज्ञान मंदिराची स्थापना झाली.

अमळनेर हे बोरी नदीच्या काठचे गाव. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले तेव्हा ते पूर्व खानदेशात गेले. पूर्व खानदेश म्हणजेच आजचा जळगाव जिल्हा, आणि पश्चिम खानदेशचे मुख्य ठाणे धुळे. संत सखाराम महाराजांची समाधी अमळनेरात आहे आणि वैशाखात तेथे मोठी यात्रा भरते. भोवतालचा मुलूख कापसाचा. सुरतेहून भुसावळकडे जाणारा लोहमार्ग गावावरून जातो, त्यामुळे कापसाची पेठ आणि कापडाची गिरणी यांनी गावाला ऊर्जितावस्था आणली. या गिरणीचे धनी श्रीमंत मोतीलाल माणेकचंद, ज्यांना सारा खानदेश प्रतापशेठ या नावाने ओळखत असे. धनिकांनी धर्मशाळा बांधाव्या, अन्नछत्रे घालावी, फार तर शाळा काढावी, ही आपल्याकडील दानधर्माची रूढ रीत. प्रतापशेठांनी शाळेलाही मदत केली. परंतु त्याखेरीज त्यांनी जे केले त्याला जोड सापडणे कठीण आहे. तत्त्वज्ञानाचा विचार करण्यासाठी विचारवंतांना पोटाच्या विवंचनेतून मोकळे करावे, एवढ्यासाठीच त्यांनी एक संस्था उभारली.

तत्त्वज्ञान मंदिर हे कॉलेज नव्हते. तेथे पदवी मिळत नसे, वार्षिक परीक्षा होत नसे. तत्त्वज्ञान घेऊन पदवी संपादन केलेल्या होतकरू तरुणांना तेथे छात्रवृत्ती व राहण्याची सोय मिळे. त्यांनी वाचावे, चर्चा करावी, लिहावे, एवढीच अपेक्षा असे. प्रतापशेठांचा स्वतःचा ओढा अद्वैत वेदान्ताकडे होता आणि संस्थेचा मुख्य हेतूही त्याच दर्शनाचे आधुनिक दृष्टीने परिशीलन व्हावे असा होता. परंतु तेथे जमलेली मंडळी अनेक प्रांतांतली आणि अनेक मतांची होती. सिंधमधून आलेले घनश्यामदास मलकानी यांनी तर आपले जवळजवळ सारे आयुष्य या संस्थेला वाहिले. बंगालमधून रासविहारी दास आणि धीरेंद्रमोहन दत्त आले. पुढे काशी हिंदू विद्यापीठात कीर्ती मिळविणारे व बौद्धांच्या माध्यमिक दर्शनावर १९५५ साली विख्यात ग्रंथ प्रसिद्ध करणारे टी. आर. व्ही. मूर्ती हेही काही काळ अमळनेरचे रहिवासी होते. कापसाच्या गाड्या जेथून जात त्या गावात शंकराचार्य आणि कांट यांच्या मतांची तुलना चाललेली असे.

या चर्चेचे स्वरूप कसे होते याची कल्पना १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या 'अज्ञान' या ग्रंथावरून येते. वेदान्तात ज्याला अज्ञान किंवा अविद्या म्हणतात ते खरोखर काय आहे, हा त्याचा विषय. आपण दोरीला साप समजतो तेव्हा साप नसतोच. पण भीती मात्र खरी वाटते. मग हे भासणारे आहे कोणत्या कोटीतले? ते आहे म्हणावे तर ज्ञान होताच नाहीसे होते, आणि नाही म्हणावे तर त्याने घाम फोडलेला असतो. मलकानी, दास आणि मूर्ती या तिघांनी हा ग्रंथ मिळून लिहिला. पण मिळून लिहिला याचा अर्थ एकमताने लिहिला असा नव्हे. तिघांनी आपापली मते स्वतंत्रपणे मांडली आणि ती तशीच छापली. आश्रयदात्याचे मत अद्वैताचे असतानाही त्याच अद्वैताच्या मर्मस्थानी असलेल्या कल्पनेवर त्याच्या आश्रितांनी मतभेद प्रकट करावा, आणि ते कोणाला गैर वाटू नये, यातच त्या संस्थेचा मोठेपणा सामावलेला आहे. दानशूर पुष्कळ असतात, परंतु दान दिल्यावर मत मागून न घेणारे दाते विरळा.

१९२५ पासून या संस्थेतून 'फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' हे इंग्रजी त्रैमासिक निघू लागले. त्याच वर्षी कलकत्त्यास भारतीय तत्त्वज्ञान परिषदेचे पहिले अधिवेशन रवींद्रनाथ ठाकुरांच्या अध्यक्षतेखाली भरले, आणि अमळनेरचे हे त्रैमासिक साऱ्या देशातील तत्त्वचिंतकांचे व्यासपीठ बनले. ज्या नावाने स्कॉटलंडातून १९५० साली एक प्रतिष्ठित त्रैमासिक सुरू झाले, त्याच नावाचे त्रैमासिक खानदेशातील या तालुक्याच्या गावातून त्याच्या पाव शतक आधी निघत होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

मंदिराच्या इतिहासातील सर्वांत मोठे नाव कृष्णचंद्र भट्टाचार्य यांचे. १८७५ साली जन्मलेले हे बंगाली पंडित सरकारी कॉलेजांतून आयुष्यभर अध्यापन करून निवृत्त झाले आणि पुढे काही काळ अमळनेरच्या संस्थेचे संचालक होते. त्याआधी त्यांनी येथील अभ्यासकांपुढे दिलेली व्याख्याने १९३० साली अमळनेरहूनच ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. विषयी, म्हणजे जाणणारा 'मी', हाच स्वातंत्र्यस्वरूप आहे, असा त्या ग्रंथाचा सिद्धांत आहे. मनुष्य प्रथम स्वतःला देह समजतो. मग देहाहून निराळे असे मन त्याच्या ध्यानी येते. पुढे मनातल्या विचारांपासूनही तो स्वतःला वेगळे काढू लागतो. जे जे समोर दिसते त्यापासून पायरीपायरीने मोकळे होत जाणे म्हणजेच स्वतःला ओळखणे, अशी त्यांची मांडणी. ग्रंथ आकाराने लहान, पण वाचकाच्या बुद्धीची कसोटी पाहणारा आहे. ज्या १९३० साली अमळनेरात हा स्वातंत्र्याचा अंतर्मुख विचार छापला गेला त्याच साली मिठाच्या सत्याग्रहाने देश पेटला होता, आणि त्याच गावातील प्रताप हायस्कुलातले एक शिक्षक राजीनामा देऊन त्या लढ्यात उतरत होते. हे शिक्षक म्हणजे पांडुरंग सदाशिव साने.

साने गुरुजी मूळचे कोकणातील पालगडचे. पुण्याच्या न्यू पूना कॉलेजातून पदवी घेतल्यावर ते तत्त्वज्ञानाच्या ओढीने अमळनेरच्या मंदिरात आले. तत्त्वज्ञानातली उच्च पदवी त्यांनी संपादन केली. पण विद्वत्तेच्या त्या निवांत वाटेवर ते फार काळ राहिले नाहीत. १९२४ साली ते प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि तेथील छात्रालयाची जबाबदारी त्यांनी पत्करली. मुलांसाठी ते हाताने लिहून दैनिक काढीत, आणि १९२८ पासून 'विद्यार्थी' नावाचे मासिकही त्यांनी चालविले. मंदिरातल्या विद्वानांपुढे ब्रह्म आणि माया यांचा प्रश्न होता. छात्रालयात खेड्यापाड्यांतून आलेली, आईबापांपासून प्रथमच दूर झालेली मुले होती. दोन्ही ठिकाणे एकाच गावात होती. साने गुरुजींनी मंदिर सोडून छात्रालय धरले यावरून त्यांनी तत्त्वज्ञान सोडले असे मानणे चूक ठरेल. जे शिकलो ते कोणाला सांगायचे, एवढाच निर्णय त्यांनी घेतला होता.

मंदिराची मर्यादा नेमकी येथेच दिसते. तेथील विद्वत्ता थोर होती, पण तिची भाषा मुख्यतः इंग्रजी होती. तिचे वाचक कलकत्ता, काशी आणि मद्रास येथे होते, केंब्रिज आणि लंडन येथेही होते. अमळनेरच्या बाजारपेठेत ते फारच थोडे असणार. गंमत अशी की, या दुखण्याचे अचूक निदान स्वतः कृष्णचंद्र भट्टाचार्यांनीच केले होते. हुगळी येथील कॉलेजच्या विद्यार्थ्यांपुढे केलेल्या आणि पुढे १९५४ साली छापलेल्या 'विचारांतील स्वराज्य' या आशयाच्या भाषणात त्यांनी असे प्रतिपादिले की, राजकीय दास्य माणसाला जाणवते, म्हणून त्याच्याशी लढता येते. परंतु विचारांचे दास्य अंगवळणी पडते आणि मग ते दास्य आहे हेच कळत नाही. परक्यांच्या कल्पना स्वीकारू नयेत असा त्यांचा आग्रह मुळीच नव्हता. त्या आपल्या भाषेत आणि आपल्या अनुभवात उतरवून घेतल्याखेरीज त्या आपल्या होत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. हे भाषण त्यांनी इंग्रजीतच केले होते. त्यांना दोष देण्यासाठी हे सांगावयाचे नाही. त्या पिढीच्या तत्त्वज्ञाची खरी अडचण काय होती ते यावरून उमगते.

अमळनेरपासून धुळे फार दूर नाही. त्या धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली जे घडले ते जणू या अडचणीचे उत्तर म्हणून घडले. त्या वर्षी सविनय कायदेभंगाच्या चळवळीत पकडलेले शेकडो सत्याग्रही तेथे होते. त्यांत साने गुरुजी होते, जमनालाल बजाज होते आणि विनोबा भावे होते. विनोबांची विद्यार्थिदशा येथे आठवावी लागते. मार्च १९१६ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी अमळनेरचे मंदिर स्थापन झाले त्याच वर्षी, इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईस निघालेला हा वीस वर्षांचा तरुण वाटेत सुरतेला गाडीतून उतरला आणि परीक्षेऐवजी काशीला गेला. त्याआधीच त्याने आपली प्रशस्तिपत्रके आईच्या डोळ्यांदेखत चुलीत घातली होती. ब्रह्मजिज्ञासेसाठी परीक्षेचा मार्ग त्याला आडवळणाचा वाटला. विद्यापीठाच्या कसोटीप्रमाणे हा तरुण तत्त्वज्ञानाचा अधिकारी कधीच झाला नाही, कारण तो पदवीच्या वर्गापर्यंत पोचलाच नाही.

अशा या मनुष्याने २१ फेब्रुवारी १९३२ पासून दर रविवारी धुळ्याच्या तुरुंगात गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले. १९ जून रोजी अठरावे प्रवचन झाले. श्रोते म्हणजे सोबतचे कैदी. त्यांत पदवीधर होते, व्यापारी होते, तसेच ज्यांचा शाळेशी फारसा संबंध आला नव्हता असे खेडूतही होते. साने गुरुजी ते बोलणे भराभर टिपून घेत. त्या टिपणांचाच 'गीता प्रवचने' हा ग्रंथ झाला आणि तो पुढे भारतातील बहुतेक भाषांत गेला. मंदिराचा जुना अभ्यासक लेखणी घेऊन बसला आहे आणि परीक्षा सोडून निघून गेलेला विद्यार्थी बोलतो आहे, हे या प्रसंगाचे वैशिष्ट्य.

या प्रवचनांतला विचार हलका होता असे कोणी समजू नये. चौथ्या अध्यायाच्या विवेचनात विनोबांनी कर्म, विकर्म आणि अकर्म या तीन शब्दांचा जो अर्थ लावला तो पाहावा. कर्म म्हणजे बाहेरची क्रिया. विकर्म म्हणजे त्या क्रियेला मनाची लाभलेली साथ. आणि दोन्ही एक झाली की कर्माचा भार नाहीसा होतो, तेच अकर्म. तुरुंगात दळण दळणाऱ्या, सूत कातणाऱ्या माणसाला हा विचार लागलीच तपासून पाहता येत होता. तेच जाते, तेच दाणे. मन नसले तर शिक्षा, आणि मन ओतले तर ओझे उरत नाही. कर्म करूनही कर्ता अलिप्त कसा राहतो, हा वेदान्तातला जुना आणि अवघड प्रश्न. त्यावर अमळनेरात व्याख्याने होत, आणि धुळ्यात त्याचा अनुभव घेतला जात होता. अशा ठिकाणी अधिकारी कोण हा प्रश्न कोणी विचारला नाही. रविवारी जो येऊन बसेल तो अधिकारी.

तरीही या दोन प्रयोगांपैकी एकाला मोठे आणि दुसऱ्याला लहान ठरविणे योग्य होणार नाही. प्रवचनात श्रोता ऐकतो. वक्त्याचे म्हणणे खोडून काढण्याची रीत तेथे नसते. वक्त्याविषयीच्या भक्तीमुळे शंका ओठांवर येऊनही परत जातात. शंकेला, खंडनाला आणि मतभेदाला घर पाहिजे असेल तर ते मंदिरासारख्याच संस्थेत मिळू शकते. 'अज्ञान' ग्रंथ तुरुंगातल्या प्रवचनांतून निर्माण झाला नसता. उलट, केवळ विद्वानांच्या आपसांतील चर्चेतून 'गीता प्रवचने' कधीच जन्मास आली नसती. मंदिरापाशी निवांतपणा आणि खंडनाची मोकळीक होती. तुरुंगापाशी मातृभाषा आणि सर्वांना उघडे असलेले दार होते. तत्त्वज्ञान शिकणाऱ्या तरुणाला यांपैकी कशावाचूनही चालत नाही.

मग पदवीच्या वर्गात बसणाऱ्या खानदेशी विद्यार्थ्याचे काय? बराच काळ त्याला बी. ए. साठी पुणे, मुंबई किंवा बडोदे गाठावे लागे. १९२४ नंतर नाशिकच्या कॉलेजची त्यात भर पडली. १९४५ साली अमळनेर येथे प्रताप कॉलेज सुरू झाले आणि त्याच सुमारास जळगावास मूळजी जेठा कॉलेज निघाले. आता शेतकऱ्याच्या मुलाला घरची भाकरी खाऊन कॉलेजात जाता येऊ लागले. त्याच्या हाती तत्त्वज्ञानाचे जे क्रमिक पुस्तक पडे त्यातही अमळनेरचा अंश असे. सतीशचंद्र चटर्जी आणि धीरेंद्रमोहन दत्त यांनी लिहिलेले भारतीय तत्त्वज्ञानाचे प्रवेशपुस्तक १९३९ साली कलकत्ता विद्यापीठाने छापले, आणि पुढे अनेक दशके देशभरच्या पदवीवर्गांत ते वाचले गेले. चार्वाकापासून वेदान्तापर्यंत सर्व दर्शनांची सरळ, निःपक्षपाती ओळख करून देणारे हे पुस्तक. त्याचे एक लेखक दत्त हे मंदिराचे जुने अभ्यासक. अमळनेरात पेरलेले बी अशा रीतीने कोठल्याही सामान्य कॉलेजच्या बाकावर उगवलेले दिसते.

स्वातंत्र्यानंतर मंदिराचा वैभवकाळ ओसरला. मलकानींच्या दीर्घ कारकिर्दीनंतर जुने त्रैमासिक बंद पडले. १९७३ साली अमळनेरच्या केंद्राच्या सहकार्याने पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागातून 'इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' निघू लागले आणि जुन्या परंपरेचा धागा पुण्यात पुढे चालू राहिला. त्याच विभागातून निघालेल्या 'परामर्श' या मराठी नियतकालिकाने तत्त्वचर्चेला मराठीत स्थान करून दिले. अमळनेरातील ज्या विद्वत्तेला मराठी बोलता येत नव्हते ती अशा रीतीने उशिरा का होईना, मराठी बोलू लागली. १९९० साली जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले, आणि खानदेशातल्या विद्यार्थ्याची पदवी खानदेशातच मिळू लागली.

२०१८ साली या विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. जळगावजवळच्या असोदे गावी १८८० साली जन्मलेल्या आणि १९५१ साली निधन पावलेल्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. शेतात आणि जात्यावर त्या ओव्या रचीत. इतरांनी त्या उतरवून घेतल्या आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. मन म्हणजे काय, संसार म्हणजे काय, देव कोठे आहे, हे प्रश्न त्या ओव्यांतून त्यांनी ज्या धीटपणे विचारले तो धीटपणा कोणत्याही दर्शनकाराला शोभावा. जुन्या शास्त्रकारांच्या व्यवहारात त्यांना अधिकार नव्हता, विद्यापीठाच्या नियमांनी त्यांना प्रवेशपरीक्षेलाही बसू दिले नसते. आणि आज खानदेशातला प्रत्येक पदवीधर त्यांच्या नावाची मुद्रा असलेले प्रमाणपत्र घेऊन घरी जातो.

तत्त्वज्ञानाचा अधिकारी कोण, या प्रश्नाला खानदेशच्या इतिहासाने दिलेले उत्तर हे असे आहे. जन्म, फी, परीक्षा आणि पदवी या साऱ्या कसोट्या येथे एकामागून एक लावल्या गेल्या आणि प्रत्येक कसोटीबाहेर कोणी ना कोणी थोर मनुष्य उभा राहिलेला आढळला. यावरून कॉलेज निरुपयोगी ठरत नाही. निवांतपणा, ग्रंथ आणि प्रतिपक्षी यांची सोय संस्थेवाचून होत नाही, हे प्रतापशेठांसारख्या व्यापाऱ्याला कळले होते. परंतु विशीतल्या मुलाने तत्त्वज्ञान घ्यावे काय, असा प्रश्न जेव्हा एखाद्या घरात निघेल तेव्हा त्याला पोटाचा हिशोब विचारण्यापूर्वी आणखी एक प्रश्न विचारण्यास हरकत नाही. तू जे शिकशील ते तुझ्या आजीला तिच्या भाषेत सांगू शकशील काय, आणि तिने शंका काढली तर ऐकून घेशील काय? या दोन्हींना ज्याचे उत्तर होय असेल, त्याने हा विषय खुशाल घ्यावा.